गुंजेचें वजन व गुंजेचें विष

१. राजगडाच्या पायथ्याशीं वसलेलें गुंजवणें हें गांव इतिहासाभ्यासकांस अपरिचित नाहीं. चोरदरवाजानें गडावर जाणारे पुष्कळ जण आपली वाट येथूनच धरतात. गांवाचें नांव, जवळून वाहणाऱ्या गुंजवणी नदीचें नांव व तिच्या खोऱ्याचें गुंजण मावळ हें जुनें नांव, या तिहींत एकच नाद आहे. आणि तो कानीं पडतांच तांबडी, काळ्या डोळ्याची गुंज आठवावी हें मराठी मनुष्यास स्वाभाविक आहे. गांवाचें नांव गुंजेच्या वेलीवरूनच पडलें असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणण्यास नादसाम्य पुरत नाहीं, कागद पाहिजे. परंतु बाह्य साम्यावरून आंतील गोष्टीचा निर्णय करावा कीं नाहीं, हाच प्रश्न त्या लहानशा बीजाच्या पोटांतही उभा होता, व त्याचा पुष्कळसा निकाल क्ष-किरणांच्या साह्यानें लागला आहे. हस्तलिखितें जुळवून पाहणारांस हा निकाल आपल्याच घरचा वाटेल, म्हणून ती हकीकत येथें देत आहों.

२. गुंजेशीं आपली पहिली ओळख वजनाची. आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्यास ९६ गुंजा, हें कोष्टक दशमान वजनें येईपर्यंत सराफांच्या नित्य व्यवहारांत होतें. मनुस्मृतींत हेंच बीज कृष्णल या नांवानें येतें. मात्र तेथें पांच कृष्णलांचा माष व सोळा माषांचा सुवर्ण, म्हणजे सुवर्णास ८० कृष्णल, असा हिशेब आहे. माष आणि मासा हीं नांवें एकाच कुळांतील. पण एकाच्या पोटांत बीजें पांच व दुसऱ्याच्या पोटांत आठ. नांवावर विसंबून जुन्या लेखांतील सोन्याची बेरीज करणारा येथें हटकून फसतो. इ. स. १८३३ त कंपनी सरकारनें तोळा १८० ग्रेनांचा ठरविला; त्यास ९६ नीं भागिलें असतां गुंज १.८७५ ग्रेनांची, म्हणजे सुमारें १२१ मिलिग्रॅमांची येते. वेलीवरचें प्रत्यक्ष बीज यापेक्षां कमीअधिक भरतें. गुंजा एकसारख्या दिसतात म्हणून मनुष्यानें त्यांस माप केलें. पण त्या अगदीं एकसारख्या कधींच नव्हत्या.

३. दुसरी ओळख विषाची. या वेलीचा गोड पाला विड्यांत घालतात, तिच्या बीजांच्या माळा ओंवतात, आणि तेंच बीज आयुर्वेदानें उपविषांत गणिलें आहे. एकोणिसाव्या शतकांतील न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत गुंजेनें गुरें मारल्याचे उल्लेख वारंवार येतात. इ. स. १८८२ त पॅरिस येथील द वेकर या नेत्रवैद्यानें डोळ्यांच्या खुपऱ्यांवर गुंजेचें पाणी वापरून पाहिलें, तेव्हां डोळ्यांस येणारी तीव्र सूज कशानें येते असा वाद निघाला. कोणी म्हणाले, त्या पाण्यांत जंतु वाढतात त्यांमुळें. इ. स. १८८४ त कलकत्ता येथें वॉर्डन व वॅडेल यांनीं दाखवून दिलें कीं दोष जंतूंचा नव्हे; विष बीजांतच आहे व तें प्रथिनाच्या जातीचें आहे. त्यास अॅब्रिन हें नांव मिळालें. पुढें इ. स. १८९१ त पॉल एर्लिख यांनीं उंदरांस हें विष अत्यल्प प्रमाणापासून वाढवीत दिलें, तेव्हां त्यांच्या अंगीं तें सोसण्याची शक्ति आली. एरंडाच्या बीजांतील रायसिन हें विष वरवर पाहतां अॅब्रिनसारखेंच. परंतु एकास सरावलेला प्राणी दुसऱ्यानें मरे. म्हणजे जो भेद तत्कालीन रसायनशास्त्राच्या नजरेस येत नव्हता तो उंदराच्या रक्तास कळत होता. तो भेद राहतो कोठें, हें सांगण्याचें साधन मात्र त्या वेळीं कोणापाशीं नव्हतें.

४. येथें रसायनशास्त्राची अडचण समजून घेतली पाहिजे. पृथक्करणानें एखाद्या पदार्थांत कोणतीं मूलद्रव्यें किती आहेत तें कळतें. तीं कोणत्या क्रमानें व कोणत्या आकारांत बसलीं आहेत तें कळत नाहीं. एखाद्या बखरींत क किती, म किती, र किती यांची मोजदाद करून बखरींतील मजकूर सांगूं पाहावा, त्यांतलाच हा प्रकार. प्रथिनाची गोष्ट तर याहून कठीण. तें वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची लांब सांखळी असतें, जणू वीसच अक्षरांत लिहिलेली शेंकडों अक्षरांची एक ओळ. आणि ती ओळ सरळ न राहतां विशिष्ट रीतीनें घडी घालून बसते. विषाचा गुण त्या घडींत असतो. म्हणून नुसती ओळ वाचून भागत नाहीं, घडी पाहावी लागते. आणि ती इतकी सूक्ष्म कीं दृश्य प्रकाशाच्या कोणत्याही सूक्ष्मदर्शकानें तींतील अणु दिसणें शक्य नाहीं.

५. हें साधन इ. स. १९१२ त हातीं आलें. म्युनिक येथें माक्स फॉन लाऊए यांच्या कल्पनेवरून फ्रीड्रिख व क्निपिंग यांनीं मोरचुदाच्या स्फटिकांतून क्ष-किरण सोडले, तों मागील काचेवर मधल्या डागाभोंवतीं दुसरे अनेक डाग उमटले. स्फटिकांत अणु थरांवर थर असे नियमानें रचलेले असतात, व थरांमधील अंतर क्ष-किरणांच्या लहरीच्या लांबीशीं जुळतें असतें. त्यामुळें निरनिराळ्या थरांवरून परतणाऱ्या लहरी कांहीं दिशांस एकमेकींस बळ देतात आणि इतर दिशांस एकमेकींस मारतात. डाग पडतात ते पहिल्या दिशांस. विल्यम हेन्री ब्रॅग व त्यांचे चिरंजीव लॉरेन्स यांनीं इ. स. १९१३ त अशा डागांवरून साध्या मिठाची रचना काढली. मिठांत सोडियम व क्लोरीन यांच्या सुट्या जोड्या नसून दोहोंचे अणु बुद्धिबळाच्या पटावरील काळ्यापांढऱ्या घरांप्रमाणें आळीपाळीनें बसलेले आहेत, असें आढळलें. पृथक्करणाच्या आंकड्यांत ही गोष्ट कधींच दिसली नसती.

६. परंतु या रीतींत एक मोठी उणीव आहे. डाग किती गडद पडला तें मोजतां येतें. तो पाडणारी लहर आपल्या चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर असतां काचेवर पोंचली, तें काचेवर उमटत नाहीं. आणि हे टप्पे कळल्यावांचून डागांवरून अणूंची मांडणी उभी राहत नाहीं. सर्व पानें हातीं आहेत, अक्षर स्वच्छ आहे, पण पानांचे अंक तुटून गेले आहेत, अशा सुट्या पोथीसारखी ही अवस्था होय. साध्या पदार्थांत तर्कानें निभावतें. प्रथिनांत निभावत नाहीं. इ. स. १९३४ त केंब्रिज येथें बर्नाल व डोरोथी क्रोफुट यांनीं पेप्सिनचा स्फटिक वाळूं न देतां, त्याच्या मूळ द्रवांत ओला ठेवून चित्रित केला, तेव्हां प्रथिनाचेही डाग स्पष्ट पडतात हें प्रथम दिसलें. त्यानंतर सुमारें वीस वर्षांनीं माक्स पेरुट्झ यांनीं स्फटिकांत पाऱ्यासारखे जड अणु बसवून, त्यांमुळें डागांत पडणाऱ्या फरकावरून टप्पे काढण्याची युक्ति प्रथिनांस लागू केली. तिच्या बळावर पेरुट्झ व केंड्रू यांनीं रक्तांतील व स्नायूंतील लोहयुक्त प्रथिनांची घडी उलगडली व त्यांस इ. स. १९६२ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

७. त्याच सुमारास रॉसमन व ब्लो यांनीं दुसरी एक वाट दाखविली, आणि ती ग्रंथसंपादकांस तात्काळ ओळखीची वाटेल. ज्या प्रथिनाची रचना काढावयाची त्याचा एखादा जवळचा नातेवाईक पूर्वीं वाचलेला असेल, तर त्याचीच घडी नव्या स्फटिकाच्या चौकटींत फिरवून, सरकवून बसवावी. ती नीट बसली म्हणजे तिच्यापासून टप्प्यांचा पहिला अंदाज घ्यावा. आणि मग मोजलेल्या डागांशीं ताडून पाहत जेथें जेथें नवें प्रथिन वेगळें आहे तेथें तेथें दुरुस्ती करीत जावी. जीर्ण प्रत लावण्यास त्याच ग्रंथाची दुसरी शुद्ध प्रत जवळ घेऊन बसणें तें हेंच. रायसिनची रचना इ. स. १९८७ त प्रसिद्ध झाली होती. तिचा आधार घेऊन ताहिरोव व तैवानमधील त्यांचे सहकारी यांनीं इ. स. १९९५ त गुंजेंतील अॅब्रिनची रचना प्रसिद्ध केली. एरंडाच्या प्रतीवरून गुंजेची प्रत वाचली गेली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

या रीतींत धोकाही तोच आहे. आधाराच्या प्रतीचा पाठ ज्याच्या मनांत मुरला, त्यास नव्या प्रतींतही तोच दिसूं लागतो. म्हणून रचलेल्या घडीवरून डाग किती गडद पडावयास पाहिजेत याचें गणित करून, तें प्रत्यक्ष मोजलेल्या डागांशीं किती विसंगत आहे, हें टक्केवारीनें सांगण्याचा दंडक आहे. अॅब्रिनच्या बाबतींत ही विसंगति १८.९ टक्के राहिली, व चित्राची सूक्ष्मता २.१४ आंगस्ट्रॉम होती. एक आंगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. आपल्या वाचनांत चूक किती असूं शकेल याचा आंकडा वाचनासोबतच छापण्याची ही शिस्त आम्हां पोथ्या वाचणारांस अद्याप पुरती लागलेली नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

८. या वाचनांतून निघालें तें असें. अॅब्रिनचे दोन भाग आहेत व ते गंधकाच्या एकाच दुव्यानें सांधलेले आहेत. एक भाग पेशीच्या अंगावरील शर्करेस धरतो. दुसरा आंत शिरून, पेशींत जेथें प्रथिनें घडतात त्या रायबोसोमच्या आरएनएमधील अॅडेनीनचा एकच दाणा काढून टाकतो. तेवढ्यानें तो कारखाना बंद पडतो. रायसिनचें कामही याच रीतीचें आहे, हें एंडो व त्सुरुगी या जपानी संशोधकांनीं इ. स. १९८७ त दाखविलें होतें.

९. आतां मुख्य गोष्ट. त्याच गुंजेंत अॅब्रिनच्या शेजारीं अॅग्लुटिनिन-१ या नांवाचें दुसरें प्रथिन आहे. दोघांच्या अक्षरांच्या ओळी बव्हंशीं सारख्या, घडीही सारखी, सांधाही एकच. तरी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत बगारिया, रामकुमार, अंजली कारंडे प्रभृतींनीं इ. स. २००६ त प्रसिद्ध केलेल्या लेखानुसार, पेशींवर तितकाच परिणाम होण्यास अॅग्लुटिनिन अॅब्रिनच्या सुमारें २०० ते २००० पट लागतें. या लेखकांनीं अॅग्लुटिनिनचा स्फटिक क्ष-किरणांखालीं वाचून अॅब्रिनच्या वाचनाशेजारीं ठेवला. कांहीं लक्षणीय भेद सांपडले. पण त्यांस महत्त्वाचा वाटला तो एक. अॅब्रिनच्या विषारी भागांत दोनशेंव्या घरीं अॅस्पॅरॅजीन आहे. अॅग्लुटिनिनमध्यें त्याच जागीं, तेथील मोजणीनें १९९ व्या घरीं, प्रोलीन आहे. सुमारें अडीचशें अक्षरांच्या ओळींत एका अक्षराचा हा पाठभेद.

हा पाठभेद पूर्वींही कोणाच्या ध्यानीं आला नव्हता असें नाहीं. प्रोलीन सांखळीस बांक आणतो ही गोष्ट प्रसिद्ध. म्हणून मळसूत्रासारख्या त्या भागास बांक पडून विष दुबळें झालें असावें, असें आधींच्या कांहीं संशोधकांनीं सांगितलें होतें. बंगळूरकरांनीं स्फटिकांतील रचना पाहून निराळें मत दिलें: कारण बांक हें नसावें, तर ज्या द्रव्यावर हा भाग काम करतो त्यास धरून ठेवण्यास प्रोलीनचे हात अॅस्पॅरॅजीनपेक्षां कमी पडतात. म्हणजे पाठ बरोबर वाचला होता. अर्थ चुकीचा लाविला होता. आणि हें सांगतांनाही लेखकांनीं 'असें दिसतें' इतकीच भाषा वापरली आहे, 'सिद्ध झालें' अशी नव्हे.

१०. पुण्यांत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम इ. स. १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललें. एकेका अक्षरासाठीं इतक्या प्रती कशास जुळवाव्या, अर्थ तर तोच राहतो, असा आक्षेप तशा कामावर नेहमींच घेतला जातो. गुंजेचें उदाहरण त्यास उत्तर आहे. एकाच वेलीवरचीं, एकाच बीजांतलीं, बहुतेक एकाच मजकुराचीं दोन प्रथिनें. पण एक दुसऱ्याच्या शेंकडों पट घातक ठरलें, आणि एका अक्षराच्या जागीं दुसरें आलें हें त्याचें मोठें कारण असावें असें दिसतें. कोणतें अक्षर निरुपद्रवी व कोणतें जीवावर बेतणारें, हें अगोदर सांगतां येत नाहीं. सर्वच जुळवून पाहावीं लागतात. तसेंच, पाठभेद सांपडला म्हणजे त्याचा अर्थही सांपडला असें होत नाहीं. तो भेद आपल्या जागीं, आसपासच्या मजकुरांत बसवून पाहिल्यावरच बोलतो.

११. संग्राहकांस एक व्यावहारिक सूचना करणें अवश्य वाटतें. जुने सराफी कांटे व वजनांच्या पेट्या यांत पुष्कळदां मूळच्या गुंजा असतात. बीजाचें कवच कठीण असल्यामुळें अखंड गुंजेपासून धोका कमी; पण फुटलेली किंवा माळेसाठीं भोंक पाडलेली गुंज मुलांच्या हातीं लागूं देऊं नये.

१२. गुंजवण्याच्या नांवाचा प्रश्न आम्हीं आरंभीं सोडून दिला तो याच कारणानें. गुंज, गुंजण, गुंजवणी, गुंजवणें, हीं अक्षरें एकमेकांस खरोखर मिळतीजुळतीं आहेत. माष आणि मासा हे शब्दही तसेच मिळतेजुळते होते. आणि अॅब्रिन व अॅग्लुटिनिन तर त्यांहूनही अधिक. या खोऱ्याच्या देशमुखी दफ्तरांतून किंवा गडाच्या हिशेबांतून नांवाचें जुनें रूप ज्यांच्या पाहण्यांत येईल, त्यांनीं तें मूळ कागदांतील अक्षरांबरहुकूम, शुद्धलेखनाची सुधारणा न करतां, प्रसिद्ध करावें. तोंपर्यंत हा निकाल आम्ही राखून ठेवितों.