दऱ्यांचा दर्या

जव्हार तालुक्यातल्या जामसरला एका निवृत्त गुरुजींकडे मी दिवाळीत राहिलो होतो. गुरुजींनी २००४ साली शाळेतल्या मुलांकडून गोष्टी लिहून घेतल्या होत्या आणि त्या शहरातल्या एका छपाईवाल्याकडून टंकून आणल्या होत्या. पुस्तक काही निघाले नाही. मुलांच्या वह्या वाळवीने खाल्ल्या. उरली ती एक सीडी. पुण्याला संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याची नोकरी करणारा त्यांचा भाचा सुटीवर आला होता. त्याने ती लावून पाहिली, तो पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हे यांचा नुसता चिवडा!

"अरे, ही कुठली भाषा?" गुरुजी म्हणाले.

"मराठीच आहे, मामा. वेष तेवढा बदललाय."

या वेषांतराची हकिकत मोठी गमतीची आहे. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. सुरुवातीच्या व्यवस्थेत अक्षरांसाठी फार तर २५६ आकडे असत, आणि ती सारी मांडणी रोमन लिपीच्या सोयीची. आपली जोडाक्षरे त्यात मावायची कशी? तेव्हा फॉन्ट करणाऱ्यांनी एक युक्ती काढली. रोमन अक्षरांच्या घरांत त्यांनी आपल्या अक्षरांचे तुकडे बसवले: अर्धा 'क' येथे, काना तेथे, वेलांटी आणखी कुठे. प्रत्येक कंपनीची घरे निराळी. एकीचा मजकूर दुसरीच्या फॉन्टात उघडला की अर्थाचा बट्ट्याबोळ. तरी मी त्यांना दोष देणार नाही. याच युक्तीवर कितीतरी मराठी पुस्तके आणि दिवाळी अंक देखणे निघाले. एकदा छापून झाले की कागदाला आकड्याशी काय कर्तव्य?

दुसरी वाटही त्याच काळात पडत होती. कानपूरच्या आय.आय.टी.त मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांचे काम हाती घेतले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली, आणि ते काम तेथे वाढले. १९९१ साली 'इस्की' हे सरकारी मानक ठरले. त्यातला विचार साधा होता: आकडा द्यायचा तो अक्षराला, आकाराला नव्हे, जोडाक्षर घडवण्याची मेहनत यंत्राने करावी. १९९१ सालीच निघालेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरून घेतली. पुढे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' फॉन्ट विंडोज २००० बरोबर घरोघर गेला. जोशी २००८ साली वारले. त्याच वर्षी 'ॲ' या आपल्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःचे घर मिळाले. तोवर ते जोडकाम करूनच उमटवावे लागे.

तर भाचा कामाला बसला. त्याचे हत्यार पाहून गुरुजींची निराशाच झाली. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरे. चित्र नाही की शोभा नाही. "मला असेच आवडते," तो म्हणाला. टंकलेखन करायचा तो इन्स्क्रिप्ट पद्धतीने, डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने. गुरुजींची बोटे मराठी टाइपरायटरवर तयार झालेली, त्यांना अर्धे अक्षर आणि काना असेच सुचायचे. त्या दोघांचा यावरून जो वाद झाला, तो फराळ संपला तरी संपला नाही.

आधी त्याने कुठला आकडा म्हणजे कुठला तुकडा याची यादी केली. अर्धा दिवस त्यात गेला. मग खरी अडचण. जुना फॉन्ट नजरेच्या क्रमाने चालतो: 'दिवाळी' शब्दात आधी वेलांटी, मग 'द'. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने: आधी 'द', मग वेलांटी. 'क्षत्रिय' शब्दात तर वेलांटीला अख्ख्या 'त्र'वरून उडी मारावी लागते. रफार याच्या उलट. 'सूर्य' मध्ये तो बसतो 'य'च्या डोक्यावर आणि उच्चारतो मात्र 'य'च्या आधी.

हे सारे जमले, आणि पहिली गोष्ट पडद्यावर उमटली: 'जव्हारच्या दर्यांत एक वाघ राहत होता.'

गुरुजी पोट धरधरून हसले. "समुद्रात वाघ!"

पोरीने लिहिले होते 'दऱ्यांत'. मराठीतला तो आडवा, पापणीसारखा 'र' भाच्याने साध्या 'र'मध्ये धरला होता, आणि जव्हारच्या दऱ्यांचा दर्या झाला होता. युनिकोडमध्ये त्या 'र'साठी 'ऱ' हे वेगळे घर आहे. यादीतली एक ओळ बदलली, आणि वाघ डोंगरात परतला.

तिसऱ्या दिवशी सगळ्या गोष्टी निघाल्या. एकाच गोष्टीतला एक शब्द काही केल्या लागेना. तेथे सीडीच खराब झाली होती. गुरुजींनी ती गोष्ट लिहिणाऱ्या मुलीला फोन लावला. ती आता मोखाड्याकडे दिली आहे, दोन मुलांची आई. तिने शब्द सांगितला आणि उलट विचारले, "गुरुजी, माझ्या शेळीचं नाव राहिलंय ना त्यात?"

राहिले होते.