आरंभीच्या अमेरिकेतील कुलनोंदी : वाचनाचा प्रश्न

इंग्रजी कादंबरीत 'कझिन' हा शब्द आला की मराठी अनुवादकाची लेखणी अडते. चुलतभाऊ म्हणावे, मामेबहीण म्हणावे की मावसभाऊ? कादंबरीकाराने पुढे कुठे तरी खुलासा केलेला असतो, म्हणून निभावते. सतराव्या शतकातील न्यू इंग्लंडच्या मृत्युपत्रांत असा खुलासा सहसा नसतो. त्यातून, त्या काळी 'कझिन' म्हणजे पुष्कळदा पुतण्या किंवा भाचा. हे ज्याला ठाऊक नाही तो वंशवृक्षाची फांदी एक पिढी वर नेऊन बांधतो. 'सन-इन-लॉ' हा जावईच असेल असे नव्हे. पत्नीच्या पहिल्या पतीचा मुलगाही त्याच शब्दाने निर्देशिला जाई. 'ज्युनिअर' तर सर्वांत फसवा. एका गावात एकाच नावाचे दोघे असले की वयाने लहान तो ज्युनिअर. ते पितापुत्र असतील, चुलतापुतण्या असतील, कदाचित परस्परांचे कोणीही नसतील. आणि थोरला वारला की कालचा ज्युनिअर आजचा सीनिअर होई.

कालगणनेचीही हीच गत. १७५२ पूर्वी इंग्लंडात व तिच्या वसाहतींत कायद्याचे वर्ष २५ मार्चला सुरू होई व मार्च हा पहिला महिना गणला जाई. एका दांपत्याचे एक मूल १६४० च्या दुसऱ्या महिन्यात व दुसरे त्याच वर्षाच्या बाराव्या महिन्यात जन्मले, अशी नोंद मिळाली तर पहिले एप्रिलमधले आणि दुसरे आपल्या हिशेबाने १६४१ च्या फेब्रुवारीतले. दहा महिन्यांचे अंतर सरळ आहे. पण 'फेब्रुवारी १६४०' एवढेच उतरवून घेणारा धाकट्याला थोरला करतो, आणि दोन महिन्यांच्या अंतराने दोन मुले कशी, म्हणून एक सावत्र आईही कल्पून बसतो.

वंशशोधन ही पूर्वजांत थोर पुरुष शोधण्याची हौस, असे वाङ्मयाचे अभ्यासक समजतात. ती हौस खोटी नाही. परंतु १८४५ मध्ये बोस्टन येथे वंशेतिहासाची संस्था स्थापन झाली आणि १८६० ते १८६२ या काळात जेम्स सॅव्हेज यांनी मे १६९२ पूर्वी आलेल्या वसाहतकारांच्या तीन पिढ्यांचा चतुःखंडात्मक कोश प्रसिद्ध केला, तेव्हापासून या हौसेला पाठचिकित्सेची शिस्त लागत गेली, हे मान्य करावयास हवे.

तथापि नोंदच मुकी असेल तर चिकित्सा तरी काय करणार? १६२० मध्ये 'मेफ्लॉवर' जहाजातून १०२ प्रवासी आले. विल्यम ब्रॅडफर्ड यांनी सुमारे तीस वर्षांनी आठवून त्यांची यादी केली. (ते हस्तलिखित बोस्टनमधून नाहीसे होऊन लंडनच्या बिशपच्या ग्रंथसंग्रहात सापडले, १८५६ मध्ये छापले गेले आणि १८९७ मध्ये मायदेशी परतले, ती हकीकत स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) त्या यादीत थॉमस टिंकर आहे, त्याची पत्नी आहे, पुत्र आहे. पहिल्याच साथीत तिघेही गेले. नाव एकट्या टिंकरचे उरले.

पुढे राज्य स्थिर झाले तरी हा संकोच सुटला नाही. १७९० च्या पहिल्या जनगणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचे. बाकीची माणसे म्हणजे रकान्यातील आकडे. प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव १८५० पासून येऊ लागले. 'स्वतंत्र' या विशेषणाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. १८५० व १८६० मध्ये गुलामांची वेगळी यादी झाली. तीत नाव मालकाचे आणि त्याखाली वय, लिंग, वर्ण. ज्यांना गुलामीतून मुक्ती मिळाली त्यांची नावे सर्वसाधारणपणे १८७० च्या जनगणनेत प्रथम आली.

त्यामागे जाणाऱ्या शोधकाला मालकाच्या मालमत्तेच्या याद्या चाळाव्या लागतात. तेथे गुराढोरांच्या जवळपास नाव आढळते, आडनावाविना, पुढे किंमत. नाव टिकले ते किंमत लिहावयाची होती म्हणून. आपला पणजोबा शोधण्यासाठी त्याला विकत घेणाऱ्याचा वंशवृक्ष आधी सिद्ध करावा लागतो; हे काम संयमाने करणाऱ्यांविषयी प्रस्तुत लेखकाला नितांत आदर आहे.

याहून निराळे कागद थोडे आहेत. मुक्त झालेल्यांसाठी १८६५ मध्ये निघून १८७४ मध्ये बुडालेल्या फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेच्या नोंदवह्या त्यांपैकी होत. ठेव घेऊन बँक बुडाली. परंतु खाते उघडताना कारकून आईबापांची, भावंडांची, मुलांची नावे विचारीत असे, आणि सांगणारा ती स्वतःच्या तोंडाने सांगत असे.