दगडखाणींवरील जादा आकारणीचे वाद

दगडखाणींच्या पट्टेधारकांकडून राज्य सरकारे स्वामित्वधनाशिवाय (रॉयल्टी) जे उपकर, अधिभार, निधी किंवा वाढीव दर मागतात, त्यांच्या वैधतेविषयी भारतीय न्यायालयांत चाललेले वाद. इमारती दगड हे गौण खनिज असल्याने त्याचे नियम व दर खाण व खनिज अधिनियम, 1957 च्या कलम 15 नुसार राज्येच ठरवतात. महाराष्ट्रात आकारणी ब्रासवर (100 घनफूट) होते.

स्वामित्वधनाचा दर वाढवण्याच्या अधिकाराबाबत फारसा संशय उरलेला नाही. गुजरातच्या डी. के. त्रिवेदी खटल्यात (1986) आणि बिहारच्या खाणमालकांच्या खटल्यात (2000) सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. मात्र ही वाढ तीन वर्षांतून एकदाच करता येते.

खरा तिढा उपकराचा. तमिळनाडूच्या पंचायत कायद्यात जमीन महसुलाच्या दर रुपयामागे 45 पैसे स्थानिक उपकर होता. पुढे दुरुस्ती करून स्वामित्वधनही या महसुलात धरले गेले आणि चुनखडी काढणाऱ्या इंडिया सिमेंटने दाद मागितली. सात न्यायमूर्तींच्या पीठाने 1989 मध्ये उपकर रद्द केला. निकालात ‘स्वामित्वधन हा कर आहे’ असे वाक्य आले. इतर राज्यांचे असेच उपकरही मग कोसळले. तेव्हा 4 एप्रिल 1991 पर्यंतची वसुली संसदेने 1992 मध्ये खास कायदा करून वैध ठरवली. पुढे केसोराम खटल्यात (2004) पाच न्यायमूर्तींनी ते वाक्य लेखनदोष ठरवले: अभिप्रेत होते ते ‘स्वामित्वधनावरील उपकर हा कर आहे’. एका वाक्यावरून दीड दशक राज्यांचा महसूल अडकावा, ही गंभीर गोष्ट होती.

नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 25 जुलै 2024 रोजी 8 विरुद्ध 1 मतांनी स्वामित्वधन कर नसून पट्ट्याचा करारजन्य मोबदला असल्याचे सांगितले आणि खनिज हक्कांवर कर बसवण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. न्या. नागरत्ना यांचे मत विरोधी होते. 14 ऑगस्टच्या आदेशाने 1 एप्रिल 2005 पूर्वीच्या व्यवहारांवरील मागणीला मनाई झाली. त्यानंतरची थकबाकी 1 एप्रिल 2026 पासून 12 वर्षांच्या हप्त्यांत फेडायची असून, निकालापूर्वीच्या काळासाठी केलेल्या मागणीवरील व्याज व दंड माफ आहे. ही सवलत आवश्यकच होती. कधीच विकलेल्या खडीचा भाव पट्टेधारकाला आज वाढवून घेता येत नाही.

अधिकार मान्य झाला तरी संविधानाच्या अनुच्छेद 265 नुसार कर कायद्यानेच बसवावा लागतो. त्यामुळे निव्वळ परिपत्रकाच्या आधारे लावलेल्या आकारणीला आव्हान देण्याची वाट खुलीच आहे.