काष्टा घाला, होडीत बसा

चपला घरीच ठेवा. जिथं जायचंय तिथं तुमचं पाऊल जमिनीला फार तर दोनदा लागणार आहे, आणि दोन्ही वेळा जमीन म्हणजे निव्वळ चिखल असेल.

सोबत एक मैत्रीण घ्या. कुठलीही नको, मालवणची बघा. का, ते पुढे कळेल. तिला म्हणावं, नऊवारी नेस. तिनं नाक मुरडलं तर सांगा, की आपण १९०४ च्या पावसाळ्यात सयामला निघालोय. देशाचं थायलंड हे नाव अजून व्हायचंय. तिथल्या बाया तीनेक वार कापड कमरेला गुंडाळतात, पुढच्या टोकांना पीळ देतात, तो पायांमधून मागं नेतात आणि पाठीशी खोचून टाकतात. त्या त्याला च्योंग क्राबेन म्हणतात, आपण काष्टा म्हणतो. मैत्रिणीकडे कुणी वळून बघितलंच तर ते तिच्या लांब केसांकडे. तिथल्या बायांचे केस आपल्याकडच्या शाळकरी पोरांइतके आखूड आहेत.

आता डोळे उघडा.

अंधार. पाठीखाली लाकडी फळ्या, आणि फळ्यांच्या फटींतून वर येणारा गार वास: गाळ, शेवाळ, कुजत पडलेली नारळाची सोडणं. घर खांबांवर उभं आहे. खाली पाणी खांबांना चाटत बसलंय, चुळुक, चुळुक. मच्छरदाणीबाहेर डास तुमची वाट बघत आहेत, आणि ते फार काळापासून उपाशी असावेत.

हा दाम्नोन सादुअक कालवा. नावाचा अर्थ 'सोयीचा प्रवास'. मे क्लोंग नदीपासून था चीन नदीपर्यंत ३२ किलोमीटर, खणून पुरा झाला १८६८ मध्ये. दर चार किलोमीटरला काठावर एक खांब रोवलाय, आणि माणसं गावाच्या नावाऐवजी खांबाचा आकडा सांगतात. इथं रस्ता नावाची वस्तू नाही. देवळात जायचं तर होडी, सासरी जायचं तर होडी, आणि शेवटचा प्रवासही होडीतूनच.

घड्याळ शोधू नका, तिथी विचारा. या मुलखातले बाजार चंद्रावर भरतात, कारण पाणीच चंद्राच्या तालावर वर-खाली होतं. जवळच्या थाखाचा बाजार महिन्याच्या दोन्ही पंधरवड्यांत द्वितीयेला, सप्तमीला आणि द्वादशीला भरायचा. आजही त्या तिथ्या चुकत नाहीत. हे तुम्ही मैत्रिणीला समजावायला जाता, आणि ती तुमच्याकडे कीव केल्यासारखं बघते. तिच्या घरात उधाण आणि भांग मोजून जाळी टाकली गेली आहेत. "जवसर पाणी, तवसर बाजार," ती म्हणते आणि काष्टा आवळते.

घराच्या शिडीच्या शेवटच्या पायरीवरून पाय निसटतो. घोट्यापर्यंत गार, लुसलुशीत चिखल. झाला पहिला.

होडी सांपान जातीची आहे, अरुंद आणि चपळ. मधोमध पाऊल टाका, लगेच खाली बसा, उठू नका. सगळ्यात महत्त्वाचं: बोटं होडीच्या काठावर ठेवायची नाहीत. ही सूचना तुम्ही आत्ता मानेनं मान्य कराल आणि अर्ध्या तासानं विसराल. मागच्या बाजूला मैत्रीण वल्हं घेऊन बसते. तुम्ही पुढं. तुम्हाला वल्हवता येत नाही हे पहिल्या दहा हातांत सिद्ध होतं, त्यामुळे तुमचं वल्हं तुमच्या मांडीवर सुखानं पडून राहतं.

धुक्यातून समोर एक दिवा येतो. लहानशी होडी, तीत भगव्या वस्त्रातला भिक्खू, एकटाच, स्वतःच वल्हवत. एका घराच्या पायरीवर एक म्हातारी गुडघे टेकून बसली आहे. भिक्खू होडी पायरीला लावतो, ती पात्रात वाफाळता भात घालते, हात जोडते. एक शब्द नाही. होडी पुढच्या पायरीकडे सरकते. तुमची मैत्रीणही वल्हं थांबवते. पाण्याचे थेंब वल्ह्याच्या पात्यावरून टपटपतात, तेवढाच आवाज.

बाजार किती लांब आहे ते विचारून घ्यावं म्हणून तुम्ही त्या म्हातारीला हाक मारता. हाक 'याय' अशी मारायची, म्हणजे आईची आई. भाजीवालीला मावशी केल्याशिवाय आपल्याकडे कोथिंबीर मिळत नाही, तसंच हे. ती हसते. दात काळेभोर, सुपारीनं लाकडासारखे चकचकीत; इथं हे सौंदर्य आहे, काळजी नसावी. ती म्हणते, "क्लाय." आता गंमत अशी, की या भाषेत 'जवळ' आणि 'लांब' हे दोन्ही शब्द क्लाय. फरक फक्त सुराचा. सूर घसरला तर जवळ, सपाट राहिला तर लांब. तुम्ही दोघं बराच वेळ वाद घालता, तिचा सूर घसरला की नाही. तेवढ्यात बाजारच नाकात शिरतो.

आधी कोळशाचा धूर. त्याखाली तापलेल्या नारळाच्या दुधाचा गोड, जड वास. आणि त्याच्याही खाली काहीतरी दणकट, खारट, जुनं, जे बहुतेक पाहुण्यांना परतीच्या वाटेला लावतं. मैत्रीण मात्र डोळे मिटून श्वास घेते. "जवळा," ती म्हणते. बरोबर आहे. हे कपी: इवली कोळंबी मिठात कुटून, उन्हात वाळवून मुरवलेली. जांभळट लगदा, केळीच्या पानावर डोंगरासारखा. तुम्हाला मळमळतंय, तिला माहेर आठवतंय.

मग कालवा वळण घेतो आणि समोर पाणीच दिसत नाही.

होड्या. होडीला होडी, तिला तिसरी, इतक्या दाट की पाय न भिजवता पैलतीर गाठावा. ताडाच्या पानांच्या टोप्या, दिव्याच्या झाकणासारख्या बसक्या, सगळ्या एकाच वेळी डुलतायत. आणि ऐका: आपल्या आठवडी बाजारासारखी ओरड नाही. कुणाला आरोळी ठोकायची? गिऱ्हाईक हाताच्या अंतरावर आहे, त्याच्या कानात सांगितलं तरी चालतं. इथं धूळ नाही, बैल नाही, पायांची सरपट नाही. आवाज आहे तो लाकडाचा. होडीवर होडी, ठक. काठावर वल्हं, टक. मधूनच टोपलीतल्या कोंबडीचा त्रागा, आणि चिनी बागायतदारांची घाईघाईतली तेओच्यू बोली. कालव्याच्या दोन्ही बाजूंना उंच वाफे आणि मधे चर काढून त्यांच्या बागा उभ्या आहेत. मिरच्या, कांदे, सुपारी, सगळं तिथून थेट होडीत.

एक मोठी होडी तुमच्यावर घसटून जाते. बोटं! वाचली. अगदी थोडक्यात.

मैत्रीण आता तुमच्या ताब्यात राहिलेली नाही. ती एका होडीपाशी थांबते: टोपलीत जांभळी, जाड सालीची फळं. मांगखुत. इंग्रज त्याला मँगोस्टीन म्हणतो, ती नखानं साल दाबून बघते, बोटाला लागलेला लाल रंग हुंगते आणि जाहीर करते, की हा रातांब्याचा भाऊबंद आहे. वनस्पतिशास्त्रवाले तिच्याशी सहमत आहेत. दोघांचं कूळ एकच. आतल्या पांढऱ्या पाकळ्या मात्र अशा गोड, की सोलकढीचं नावही काढू नये.

पुढची होडी माशांची. बांबूच्या गोल टोपल्यांत वाफवलेले मासे जोडीजोडीनं, माना मुडपून बसलेले. टोपलीत मावावेत म्हणून मान मोडायची, ही मे क्लोंगच्या प्ला थूची खूण. बांगडाच, जरा आखूड आणि रुंद. "आमचा बांगडा कुणापुढं मान झुकवीत नाही," मैत्रीण म्हणते. सुदैवानं हे कुणाला कळत नाही.

आणि मग ती मातीची तवी. होडीच्या पोटात चूल, चुलीवर खळग्याखळग्यांचं जाड भांडं, प्रत्येक खळग्यात पांढरं पीठ आणि वर नारळाचा घट्ट रस. झाकण ठेवलं, काढलं, कड खरपूस. तुम्ही दोघं एकदमच म्हणता, "आप्पे!" नाव खनोम क्रोक, पण आपण आप्पेच म्हणू. आंबवलेले नाहीत, आणि मधला भाग मुद्दाम ओला राहू दिलेला असतो. तो जिभेवर फुटतो आणि टाळू भाजते. पावसाळ्याच्या पहाटे, दमट हवेत, कपाळावर घाम आणि तोंडात निखारा. पुढचा थंड होईपर्यंत थांबा, असं सांगून उपयोग नाही.

पैसे द्यायचे आहेत. घाबरू नका, हिशेब तुम्हाला आजोबांकडून येतो. एका बाटचे ६४ आट, जसे आपल्या रुपयाचे ६४ पैसे. पाव बाट म्हणजे सलुएंग, आपली पावली. त्याचा अर्धा फुआंग, आपली चवली. मैत्रीण एका आटावरून घासाघीस करते, आणि आजूबाजूच्या टोप्या वर उचलल्या जातात. अनोळखी चेहऱ्यांकडे सध्या इथं जरा निरखून बघतात. त्याला कारण आहे. याच पावसाळ्यात राजा चुलालोंगकोर्न साध्या वेषात या कालव्यावर आला, एका बागायतदाराच्या घरी जेवला, आणि घरच्या मुलानं तसबिरीशी चेहरा ताडून त्याला ओळखलं. तेव्हापासून कुणाचं काय सांगावं! पण तुम्ही दोघं राजघराण्यातली नाही, हे त्या एका आटानं सिद्ध होतं. आप्पेवाली हसत आणखी दोन आप्पे पानावर टाकते आणि आट सोडत नाही.

माडाचा गूळ घ्या. सकाळीच कढईत आटवलेला, मडक्यात अजून कोमट. माडाच्या पोयीला बांबूची नळी बांधून रस गोळा करतात, आणि नळीत आधीच एका झाडाच्या ढलप्या टाकून ठेवतात, म्हणजे रस आंबत नाही. "म्हणजे माडी होऊच देत नाहीत?" मैत्रीण खिन्न होते. सयामी लोकांबद्दलचं तिचं मत इथं पहिल्यांदा घसरतं. शेजारच्या होडीतली विड्याची पानं बघून ते पुन्हा वर येतं. पानाला लावायचा चुना मात्र लाल. हळद आणि चुना एकत्र आले की काय होतं, हे कुंकू लावणाऱ्या घरात सांगायला नको.

पाऊस येतो. न सांगता, आडवा. कुणी पळत नाही, पळणार कुठं? टोप्या जरा पुढं झुकतात, चुलींवर झाकणं पडतात, कोळसा चर्रर्र करतो, आणि व्यवहार चालू. तुमच्या पंच्याचा पार लगदा. अशा वेळी एक चिनी म्हातारा त्याची होडी तुमच्या होडीला टेकवतो आणि विचारल्याशिवाय एक वाडगा पुढं करतो. तांदळाची पेज, वर खारवलेला मुळा. मैत्रीण वाडगा दोन्ही हातांत धरते, वाफेत तोंड घालते आणि पहिल्यांदाच तिला काही तुलना सुचत नाही. ती नुसती पिते.

पाऊस थांबतो तेव्हा लक्षात येतं, की काठ उंच झालाय. खांबांवरची ओली रेघ तुमच्या डोक्यापर्यंत आली आहे. ओहोटी. तिकडं दोन होड्या सुटल्या, इकडं पाच. कुणी निरोप घेत नाही, कुणी काही आवरत नाही. दुकानच निघून जातं. आप्पेवालीचा धूर वळणाआड दिसेनासा होतो. पाण्यावर नारळाच्या करवंट्या, केळीची पानं, एक तुटका दोर. सूर्य अजून माडांच्या शेंड्यावरही आलेला नाही आणि बाजार नव्हताच कधी, असं वाटावं इतका कालवा रिकामा.

"वाडगा!" मैत्रीण ओरडते.

म्हाताऱ्याचा वाडगा तिच्या मांडीवर आहे. म्हातारा पार पुढच्या वळणावर. ती वल्हं मारते, होडी दोन हात जाते आणि गाळात रुतते. तुम्हालाच उतरावं लागतं. चिखल गुडघ्यापर्यंत, कोमट, आत काहीतरी वळवळणारं. तुम्ही ढकलताय, ती वाडगा छातीशी धरून "डावीकडे, अहो डावीकडे" करतेय, आणि पलीकडे म्हातारा होडी आडवी लावून, हात पुढं करून थांबलाय.