लाज चव्हाट्यावर, टोचणी आत

आज आपण जाणार आहोत सतराव्या शतकातल्या मॅसॅच्युसेट्समध्ये, प्युरिटन लोकांच्या गावांत. सोबतीला एक कादंबरी, एक नाटक आणि कोर्टाचे जुने कागद. प्रश्न साधा आहे. ज्याला चव्हाट्यावर उभं केलं, पापी तोच असतो का?

आधी कादंबरी. नॅथॅनिएल हॉथॉर्नची 'द स्कार्लेट लेटर', साल १८५०. बॉस्टनच्या चौकात लाकडी मंचावर हेस्टर प्रिन उभी आहे. कडेवर तान्ही मुलगी, छातीवर लाल कापडाचं 'ए' अक्षर. नवरा कित्येक महिने बेपत्ता, म्हणजे हा व्यभिचार झाला. मुलीचा बाप कोण, हे ती सांगत नाही. आणि तिला समजवायला कोणाला पुढे करतात? गावाच्या लाडक्या तरुण पाद्र्याला, डिम्सडेलला. बाप तोच आहे!

हे अक्षर हॉथॉर्नच्या डोक्यातून आलेलं नाही बरं का. प्लायमाउथ वसाहतीत १६५८ मध्ये व्यभिचाऱ्यांच्या कपड्यांवर 'एडी' ही अक्षरं शिवायचा कायदा झाला. मॅसॅच्युसेट्सने १६९४ मध्ये दोन इंच उंचीचा 'ए' ठरवला, आणि कापड कपड्यांहून वेगळ्या रंगाचं हवं, म्हणजे लांबून दिसलं पाहिजे. हा तसा सौम्य कायदा म्हणायचा. त्याआधी कागदोपत्री थेट मृत्युदंड होता, आणि १६४४ मध्ये मेरी लॅथम ही तरुण बाई आणि जेम्स ब्रिटन यांना त्याखाली फाशीही झाली.

आता इतकं सगळं चौकात कशासाठी? प्युरिटनांची श्रद्धा अशी की अख्ख्या वसाहतीने मिळून देवाशी करार केलाय. एकाने पाप लपवलं तर कोप सगळ्यांवर: पीक बुडेल, साथ येईल, हल्ला होईल. त्यामुळे पाप ही खासगी बाब राहूच शकत नव्हती. चर्चचं पूर्ण सभासद व्हायचं तरी आपल्यावर देवाची कृपा कशी झाली, हे सभेपुढे सांगावं लागे. आतलं सगळं बाहेर दिसलंच पाहिजे, असा हिशोब.

हॉथॉर्न नेमकं इथेच बोट ठेवतो. हेस्टरची लाज सगळ्यांनी पाहिली. ती शिवणकाम करून जगते, आजाऱ्यांची सेवा करते, आणि काही वर्षांनी लोक त्या अक्षराचा अर्थच बदलून टाकतात. डिम्सडेल मात्र आतून सडत जातो. गंमत म्हणजे तो व्यासपीठावरून सांगतोसुद्धा, मी महापापी आहे म्हणून. लोकांना वाटतं, केवढी ही नम्रता! खरं बोलूनही तो खोटाच राहतो, कारण नेमकं काय केलं ते त्याच्या तोंडून निघत नाही. लाज लोक लावतात, टोचणी आतून लागते. दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येतील असं नाही.

मग सेलम, १६९२. चेटकाच्या आरोपावरून १९ जणांना फाशी, आणि जाइल्स कोरीला अंगावर दगड ठेवून चिरडलं. इथे ती सिस्टीम पार उलटी झाली. चेटूक केल्याची कबुली दिली आणि आणखी नावं घेतली, की जीव वाचायचा. 'मी निर्दोष आहे' म्हणणारे फासावर गेले. सॅम्युअल वॉर्डवेलने आधी कबुली दिली, नंतर ती मागे घेतली, तर त्यालाही फाशी. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर त्या कोर्टाला एकच इनपुट चालत होतं: कबुली. ती खरी का खोटी, हे तपासणारं कोणी नव्हतं.

आर्थर मिलरचं १९५३ चं 'द क्रुसिबल' यावरच उभं आहे. खरा जॉन प्रॉक्टर साठीचा होता आणि ॲबिगेल विल्यम्स अकरा-बारा वर्षांची पोर. मिलरने त्याचं वय उतरवलं, तिचं चढवलं आणि दोघांत संबंध दाखवले. इतिहास म्हणून हे चूक, पण नाटकाला ते हवं होतं. त्याचा प्रॉक्टर चेटकाच्या बाबतीत निर्दोष आहे आणि बायकोच्या बाबतीत दोषी. म्हणून संतासारखं मरायची आपली लायकीच नाही असं त्याला वाटतं, तो खोट्या कबुलीवर सही करतो, आणि शेवटी तो कागद फाडतो. पुढे १९५६ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने मिलरलाच कम्युनिस्ट परिचितांची नावं विचारली. त्याने ती दिली नाहीत.

पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवतात ते कोर्टाचे कागद संपल्यानंतरचे दोन प्रसंग. सॅम्युअल स्यूअल हा सेलमचा एक न्यायाधीश. त्याच्या घरात मुलं दगावली, आणि देवाचा रोख आपल्याकडे आहे असं त्याने मानलं. १४ जानेवारी १६९७ ला बॉस्टनच्या चर्चमध्ये तो भर सभेत उभा राहिला, पाद्र्याने त्याची चिठ्ठी वाचली: दोष आणि लाज मी स्वतःवर घेतो. १७०६ मध्ये ॲन पटनम तशीच उभी राहिली. बाराव्या वर्षी तिने कित्येकांवर आरोप केले होते. आता ती साधारण सत्तावीसची, म्हणजे माझ्याच वयाची. सैतानाने भुलवलं, असं तिने म्हटलं, पण निष्पापांचे जीव आपल्यामुळे गेले हेही मान्य केलं, आणि त्यांच्या नातलगांची माफी मागितली. या दोघांना मंचावर कोणी ढकललं नव्हतं. लाज त्यांनी मागून घेतली.

तिसऱ्याने नाही घेतली. न्यायाधीश जॉन हॅथॉर्न आरोपीला दोषी धरूनच प्रश्न विचारायचा, आणि त्याने जाहीर पश्चात्ताप कधीच केला नाही. आडनाव ओळखीचं वाटतंय ना? नॅथॅनिएल हॉथॉर्नचा तो खापरपणजोबा. लेखकाने तरुणपणी आडनावात एक अक्षर वाढवलं, पण नातं झटकलं नाही. 'द स्कार्लेट लेटर'च्या प्रस्तावनेत तो पूर्वजांच्या क्रूरपणाबद्दल लिहितो, आणि त्यांच्या वतीने लाज आपण घेतो असं सांगतो. जी कबुली १६९२ च्या न्यायाधीशाने दिली नाही, ती दीडशेहून अधिक वर्षांनी त्याच्या वंशजाने दिली. ऐकायला तेव्हा त्या वीस जणांपैकी कोणीच नव्हतं.