राख आणि चिंच : मराठी घरातील घासण्या-धुण्याचा इतिहास

पितळेचा हंडा आणि चुलीतील राख यांचा संबंध मराठी घरात इतका जुना आणि इतका अंगवळणी पडलेला होता की तो लिहून ठेवावा असे फारसे कोणाला वाटले नाही. बखरकारांनी मोहिमा टिपल्या, कारकुनांनी वसूल टिपला. मोरीत उकिडवे बसून भांडी घासणाऱ्या बाईच्या हातात नेमके काय होते, हे टिपण्याचे कारण दोघांनाही नव्हते. त्यामुळे या विषयाची सर्वांत जुनी सलग लेखी साक्ष अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे धर्मशास्त्रात, सापडते. ‘द्रव्यशुद्धि’ म्हणजे वापरातील वस्तूंची शुद्धी हा स्मृतिग्रंथांतील एक स्वतंत्र विषय असून डॉ. पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात त्याचा तपशीलवार परामर्श घेतला आहे.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात धातूची, रत्नांची आणि दगडाची भांडी राख, पाणी आणि माती यांनी शुद्ध होतात असे सांगितले आहे, आणि पुढे तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील व शिसे यांच्यासाठी क्षार, आम्ल आणि पाणी यांचा ‘यथायोग्य’ वापर करावा असे म्हटले आहे. रेशमी आणि लोकरी वस्त्रांना खारी माती, नेपाळी कांबळ्यांना रिठे, तागाच्या जातीच्या वस्त्रांना पांढरी मोहरी अशी वाटणीही तेथे आढळते. याज्ञवल्क्यस्मृतीतही हाच विचार थोड्या फरकाने येतो, आणि तो महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक जवळचा आहे. कारण या स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळी कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, लिहिली आणि पुढे मराठी मुलखात ती प्रमाण मानली गेली. ग्रंथकारांना चिंता होती ती विटाळाची, मळाची नव्हे, हे खरे. तथापि विटाळ काढण्यासाठी त्यांनी जी साधने सांगितली ती स्वयंपाकघरातून उचललेली होती, आणि ग्रंथ लिहिला जाण्यापूर्वी ती तेथे रूढ असणार हे उघड आहे.

या वचनांतील ‘यथायोग्य’ हा शब्द महत्त्वाचा आहे. लाकडाच्या किंवा गोवरीच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा क्षार असतो. तो ओला झाला की तेलातुपाचा ओशटपणा सुटतो, काही अंशी त्याचा साबणच बनतो, आणि राखेतील बारीक कण खरवडण्याचे काम करतात. चिंचेत टार्टारिक आम्ल, लिंबात सायट्रिक आम्ल, ताकात लॅक्टिक आम्ल असते, तर कोकणात चिंचेच्या जोडीने वापरल्या जाणाऱ्या आमसुलातही फळांतील अशीच आम्ले असतात. ही आम्ले तेलकटपणावर जवळजवळ निरुपयोगी ठरतात, परंतु तांब्या-पितळेवर हवेमुळे चढणारा काळसर थर ती सहज विरघळवतात. म्हणजे खरकट्याला राख आणि काळवंडलेपणाला चिंच अशी ही कामाची विभागणी होती, आणि ती क्रमानेही पाळली जाई: आधी राखेने घासून भांड्याचा ओशटपणा काढावयाचा, ते विसळावयाचे, मग मीठ लावलेल्या चिंचेच्या चोथ्याने ते उजळावयाचे, आणि शेवटी भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरड्या फडक्याने पुसावयाचे, कारण ओले राहिलेले तांबे तासाभरात पुन्हा डागाळते. रसायनशास्त्राची परिभाषा ज्यांच्या कानावरही आली नव्हती त्या बायकांनी हा क्रम बिनचूक सांभाळला.

राख म्हणजे केवळ राख, असेही नव्हते. कोळशाचे खडे असलेली राख भांड्यावर चरे पाडते म्हणून ती चाळून घेतली जाई. गोवरीची राख मऊ म्हणून पसंत केली जाई, आणि तीच कुटून, वस्त्रगाळ करून दात घासण्याच्या राखुंडीतही जाई. घासणी प्रदेशानुसार बदले. कोकणात नारळाची शेंडी, देशावर गवताची किंवा काथ्याची चुंबळ, तर काही घरांत वेलीवर वाळू दिलेल्या घोसाळ्याची आतली जाळी वापरली जाई. यांपैकी एकही वस्तू विकत आणलेली नव्हती. ती स्वयंपाकाची किंवा परसाची उरलेली बाजू होती, आणि या पद्धतीला ‘नैसर्गिक’ हे आजचे विशेषण लावताना ही गोष्ट विसरली जाते. तिच्या मागे निसर्गप्रेम नव्हते, चूल होती.

चिंचेचे नाते मात्र दुधारी होते. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ राहिला की धातू त्यात उतरतो, पदार्थाला हिरवट झाक आणि तुरट चव येते, आणि तो पोटाला बाधतो. याला मराठीत ‘कळकणे’ असा नेमका शब्द आहे. जे आम्ल भांडे बाहेरून उजळवते तेच आतून अन्न नासवते, आणि या पेचातून कल्हई हा व्यवसाय उभा राहिला. कल्हई म्हणजे भांड्याला आतून कथलाचा पातळ थर देणे. कल्हईवाला दारापुढे जमिनीत खळगा करून कोळसे पेटवी, भात्याने फुंकी, घासून तापवलेल्या पातेल्यात नवसागराची पूड टाकी, आणि पांढऱ्या धुराचा लोट उठताच कथलाची कांडी तळाला टेकवून वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवी. नवसागर धातूवरचा मळाचा थर हटवतो म्हणूनच कथील धरते. हा थर मऊ असल्यामुळे कल्हई केलेल्या भांड्याला आतून जोर लावून घासणे म्हणजे पैसे खरवडून मोरीत सोडण्यासारखे होते, आणि त्यामुळे एकाच पातेल्याची आतली आणि बाहेरची बाजू वेगवेगळ्या हाताने घासण्याची सवय घरोघर शिकवली जाई. पुण्याची तांबट आळी आजही ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या तांबटांच्या ठोक्याच्या भांड्यांचे आयुष्य कल्हईवाल्याच्या या फेऱ्यांवर अवलंबून होते.

कपड्यांचा हिशेब निराळा होता. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन हे फेसाळ द्रव्य असते आणि ते क्षारासारखे तीव्र नसल्याने रेशीम, लोकर तसेच सोन्याचांदीचे दागिने यांच्यासाठी रिठा राखून ठेवला जाई. जाड सुती कपड्यांना परीट खारी माती किंवा खार वापरीत, आणि खाराच्या बाबतीत वऱ्हाडाकडे एक आश्चर्यकारक कोठार होते. बुलढाणा जिल्ह्यातील उल्कापाताने बनलेल्या लोणार सरोवराचे पाणी सोड्याच्या क्षारांनी भरलेले असून उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर क्षारांचे थर उघडे पडत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारच्या परिसरात काच आणि साबण बनवण्यास लागणारे सारे पदार्थ मिळतात, अशी नोंद केली आहे. ब्रिटिश अमदानीतही तेथील क्षार काढले जात. पुढे कारखान्यांत बनलेला स्वस्त सोडा सर्वत्र पोहोचला आणि या क्षाराला गिऱ्हाईक उरले नाही.

जमिनीच्या शेणसारवणाविषयी येथे थोडक्यात सांगणे पुरे. झाडणे, सारवणे आणि शिंपडणे यांनी भूमी शुद्ध होते हे मनुस्मृतीतही आहे, आणि सडासंमार्जन हा शब्दच ती दिनचर्या सांगतो. शेणातील तंतूंमुळे मातीची जमीन बांधली जाते व धूळ बसते, हा तिचा खरा उपयोग. शेण जंतुनाशक असल्याचा अलीकडे होणारा दावा मात्र जपूनच घ्यावा लागतो, कारण गुरांच्या शेणातून धनुर्वाताचे जंतू येऊ शकतात. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आल्यावर सरकारी पथके कार्बोलिक आम्ल आणि चुना घेऊन घरांत शिरली, तेव्हा स्वच्छतेची कसोटी विटाळाकडून जंतूंकडे सरकण्यास आरंभ झाला. पुढे शहाबादी फरशी आणि सिमेंटचा कोबा आला तसा पोतेऱ्याचा वापर शहरांतून संपला.

साबणाच्या वडीने राखेला हटवले, असा सर्वसाधारण समज आहे. कालक्रम पाहता तो टिकत नाही. सनलाइट साबण हिंदुस्थानात १८८८ मध्ये आला, सर्फ १९५९ मध्ये, निरमा १९६९ मध्ये; ही सारी कपड्यांची क्रांती होती आणि ती चालू असताना लक्षावधी घरांत भांडी राखेनेच घासली जात होती. राख गेली ती चूल गेली म्हणून. आधी रॉकेलचा स्टो आला आणि पाठोपाठ सिलिंडरचा गॅस, जो मुंबईत १९५० च्या दशकाच्या मध्यास पोहोचला; या दोहोंतून राख निघत नाही. शेजारून मागून आणलेल्या किंवा बंबातून काढलेल्या राखेवर काही वर्षे भागले, पण बंबाची जागाही विजेच्या गिझरने घेतली. दुसरीकडे भांडीच बदलली. ॲल्युमिनियमला क्षार आणि आम्ल दोन्ही खातात, त्यामुळे राखेने ते काळे पडे आणि आंबटाने झिजे. स्टेनलेस स्टीलला तर उजळवण्याची किंवा कल्हईची गरजच नव्हती. स्टीलच्या डब्यांवर मोडीत निघालेल्या पितळेबरोबर कल्हईवाल्याचे गिऱ्हाईकही मोडीत निघाले. भांडी घासण्याची पावडर आणि वडी ही या रिकाम्या झालेल्या जागेत आली, आणि मोरीतून हद्दपार झालेले लिंबू तिच्या वेष्टनावर चित्ररूपाने परतले.

या स्थित्यंतराबद्दल हळहळण्यापूर्वी हातांचा विचार केला पाहिजे. ओली राख कातडी कोरडी करते, भेगांत झोंबते. हिवाळ्यात विहिरीच्या गार पाण्यात पितळेचे जड हंडे घासणाऱ्या सुना आणि मोलकरणी यांच्या तळव्यांनी त्या चकाकीची किंमत मोजली, आणि धर्मशास्त्राच्या सूक्ष्म वर्गीकरणात या श्रमांचा कोठेही हिशेब नाही.

रासायनिक साधनांचा उबग येऊन आज पुष्कळ घरे पुन्हा लिंबू, व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा यांच्याकडे वळली आहेत. ओट्याच्या डागावर, बेसिनच्या चिकटपणावर ही साधने चालतात. परंतु सोडा आणि व्हिनेगर एकाच वाटीत कालवून येणाऱ्या फेसाला मळ निघण्याची खूण समजणे ही चूक आहे. क्षार आणि आम्ल एकमेकांना मारतात, फेस हा केवळ सुटणारा कार्बन डायऑक्साइड असतो, आणि मागे उरते ते बव्हंशी खारट पाणी. मोरीतील जुन्या क्रमात राख आणि चिंच यांच्यामध्ये एक विसळणे असे, ते विनाकारण नव्हते.

चिंच स्वतः मात्र घरातून पुरती गेलेली नाही. समई, ताम्हन, पळी-पंचपात्र आणि घंटा ही उपकरणी अजूनही तांब्या-पितळेचीच घेतली जातात, आणि गौरी-गणपतीच्या आदल्या दिवशी त्यांच्यासाठी चिंचेचा गोळा भिजत घातला जातो.