कोइरेंगेईची धावपट्टी

पूर्वेकडील बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी प्रथम नकाशा उलगडला जातो. इंफाळ त्यात सापडते. कोइरेंगेई सहसा सापडत नाही. शहराच्या उत्तरेस, दिमापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला ही जागा आहे. आम्ही ती प्रथम पाहिली तेव्हा, एवढा लांब आणि सरळ पट्टा या डोंगरवेढ्या खोऱ्यात कोणी व कशासाठी सपाट केला असावा, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहिला नाही.

१९४२ च्या मे महिन्यात ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला, इंफाळवर बाँब पडले, आणि कालपर्यंत आडबाजूला असलेले मणिपूर एकदम सरहद्दीवर आले. मग खोऱ्यात विमानतळांची घाई उडाली. कोइरेंगेई, तुलिहाल, पालेल, कांगला, वांगजिंग व सापाम अशी सहा ठिकाणे तयार झाली. लष्करी कागदांत कोइरेंगेईचे नाव ‘इंफाळ मेन’ असे पडले. युद्धापुरते टिकले म्हणजे पुरे, असाच सगळा हिशेब होता. या आघाडीवर बंगालच्या तागाचे गोणपाट डांबरात भिजवून, छपरावरील कौलांप्रमाणे एकाची कड दुसऱ्यावर येईल अशा बेताने जमिनीवर अंथरीत. पाणी खाली मुरले नाही म्हणजे माती घट्ट राहते, एवढेच त्यामागील शास्त्र. ज्या धावपट्ट्यांना असे पांघरूण नव्हते, त्या पावसाळ्यात पुन्हा शेतासारख्या होत.

१९४४ च्या मार्चमध्ये जनरल मुतागुची याच्या तीन डिव्हिजन चिंदविन नदी ओलांडून आल्या. इंफाळ तीन आठवड्यांत पडेल, आणि मग तेथील कोठारांवरच आपले सैन्य पोसता येईल, असा त्याचा होरा होता. महिन्याच्या अखेरीस कोहिमाचा रस्ता तुटला. खोऱ्यात सुमारे दीड लाख माणसे आणि हजारो जनावरे अडकली.

तत्पूर्वीच एक विलक्षण गोष्ट घडून गेली होती. अराकानात लढत असलेली पाचवी भारतीय डिव्हिजन, तोफा व खेचरांसह, १९ मार्चपासून विमानांनी उचलून आणली जात होती. एका रणभूमीवरून दुसऱ्या रणभूमीवर अख्खी डिव्हिजन हवेतून नेण्याचा हा जगातील पहिलाच प्रसंग. विमाने अपुरी पडली, तेव्हा चीनकडे माल वाहणारी अमेरिकी विमाने माउंटबॅटन यांनी वरिष्ठांच्या संमतीची वाट न पाहता या कामी वळविली. ते दिवस मोलाचे होते. आणि ते ज्यांनी मिळवून दिले त्यांत आपल्याकडील माणसेही होती. इंफाळच्या ईशान्येस सांगशाक येथे पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण २६ मार्चपर्यंत झुंजली. विमानांतून टाकलेल्या रसदीतील बराच भाग शत्रूच्या बाजूस पडत होता. पाण्याची चणचण होती. सह्याद्रीच्या कुशीतली ही पोरे नागांच्या डोंगरात का लढत होती, याचे उत्तर शोधू लागले तर इंफाळची धावपट्टीच दिसते.

एप्रिलमध्ये जपानी नुंगशिगुम टेकडीवर चढून बसले, तेव्हा विमानतळ त्यांच्या नजरेच्या टप्प्यात आला. १३ एप्रिलला डोग्रा पायदळ आणि रणगाडे ती टेकडी चढून गेले. रणगाडा त्या चढणीवर येईल, असे शत्रूला स्वप्नातही वाटले नव्हते. चढाई संपेपर्यंत बरोबरचे सर्व ब्रिटिश अधिकारी मारले गेले वा जखमी झाले, आणि डोग्रांच्या कंपन्यांचे काम सुभेदार रणबीरसिंग यांनी पुरे केले. ‘इंफाळ मेन’वरून हरिकेन विमाने घेऊन उड्डाणे करणाऱ्या भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनचे नेतृत्व अर्जनसिंग यांच्याकडे होते, जूनमध्ये इंफाळलाच त्यांच्या छातीवर पदक लागले. दुसऱ्या बाजूसही आपलेच लोक होते. मेच्या आरंभी आझाद हिंद सेनेची एक तुकडी पालेलचा विमानतळ घेण्यासाठी चालून आली आणि तिला मागे हटावे लागले. या दोन्हींचा विचार एकाच वेळी मनात आणणे आम्हांस अजून सोपे जात नाही.

परंतु वेढ्याचा खरा निकाल शिध्याच्या वहीत लागला. १८ एप्रिल ते ३० जून या काळात सुमारे बारा हजार माणसे व एकोणीस हजार टन सामान हवेतून आत आले. परतीच्या विमानांतून तेरा हजार जखमी व आजारी आणि त्रेचाळीस हजार बिगरलढाऊ माणसे बाहेर गेली. सैनिकांच्या शिध्यातही कपात झाली होती. मग न लढणाऱ्याचे तोंड म्हणजे ओझेच. आपण सरकारी माणसे. असे रकाने आपल्या रोजच्या परिचयाचे. ‘बिगरलढाऊ’ या एका शब्दाखाली येणाऱ्यांत रस्ते व धावपट्ट्या यांची माती वाहणारे मजूरही होते. ज्या पट्टीवर त्यांनी घमेली रिकामी केली, तिच्यावरूनच त्यांना ‘अनावश्यक’ म्हणून उचलून नेले गेले. लढवय्यांची नावे दप्तरात राहिली. यांची केवळ बेरीज राहिली. तो हुकूम चुकीचा होता, असे आम्ही म्हणत नाही. आम्ही त्या जागी असतो तर बहुधा आम्हीही तोच काढला असता.

२२ जून रोजी कोहिमाचा रस्ता पुन्हा खुला झाला. तिकडे मुतागुचीचे सैन्य कोठारे न मिळाल्यामुळे उपासमारीने व रोगाने डोंगरातच झिजले. त्याचे तीस हजारांहून अधिक सैनिक परतले नाहीत.

कोइरेंगेईचे काम संपले ते संपलेच. तुलिहालची धावपट्टी मात्र पुढे पक्की व लांब झाली. इंफाळचा आजचा विमानतळ तोच, आणि बदलीवर जाणारा अधिकारी ट्रंक घेऊन बहुधा तेथेच उतरतो.